पाचवा ठिपका

भाताचा तरवा काढायचे दिवस आले की माझा उजवा हात खाजायला लागतो. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, आतल्या बाजूला. डॉक्टरला दाखवावं असं काही नाही. कातडी स्वच्छ आहे, पुरळ नाही, लाली नाही. पण आषाढात खाचरं पाण्यानं भरली, भाताच्या रोपांच्या जुड्या बांधावर येऊन पडल्या, की तिथं कुणी गवताची काडी फिरवतंय असं वाटतं. मी खाजवत नाही. दोन बोटांनी हलकेच थोपटतो. खाजवायचं नाही, थोपटायचं, हे मला बेळगावच्या एका टॅटूवाल्यानं शिकवलं. साठी उलटल्यावर शिकलेली विद्या आहे, त्यामुळे पक्की बसली आहे.

साठी उलटलेल्या माणसानं टॅटू काढून घ्यावा हे रामनगरच्या चहाच्या टपरीवर पंधरा दिवस पुरलं. टॅटू म्हणजे आमच्याकडे गोव्याला कामाला गेलेल्या पोरांचं काम. दंडावर वाघ, मानेवर इंग्रजीत आई. चौतीस वर्षं मी टपाल वाटलं, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर सगळे मला टपालमामा म्हणतात, आणि टपालमामाचं वजन काही कमी नव्हतं. ते त्या पंधरा दिवसांत उतरलं. मामा आता बीचवर पळणार असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं की ठिपकेच का, पैसे संपले काय. मीही हसलो. हसताना हात टेबलाखाली धरून ठेवला होता, कारण टपरीत धूर होता आणि ताज्या टॅटूला धूर लागू द्यायचा नाही असं मीच मनानं ठरवलं होतं. तसा नियम कुणी सांगितला नव्हता.

देवकी माझी बायको. तिला जाऊन या आषाढात दोन वर्षं झाली. माहेर गुंदचं, सुपारीच्या बागांतलं. तिच्या उजव्या हातावर गोंदण होतं. लहानपणी गुंदच्या घराच्या उंबऱ्यात बसवून एका फिरत्या गोंदणारणीनं ते काढलं होतं. काजळ, कुठल्याशा पाल्याचा रस, तीन सुया एकत्र बांधलेल्या. देवकी ते सांगताना दरवेळी हात मागं ओढून दाखवायची, आत्ताच सुई टोचल्यासारखी. आणि म्हणायची, की माणूस गेलं की अंगावरचं सगळं काढून घेतात, गोंदण तेवढं कुणाला काढता येत नाही, ते बरोबर जातं. मी म्हणायचो, बरं झालं, निदान वर पत्ता तरी सापडेल. टपालवाल्याचा विनोद. एकतीस वर्षं तोच विनोद, आणि ती एकतीस वर्षं त्यावर हसली.

ती गेली तेव्हा पावसानं कहर केला होता. घरात बायका तिचं करत होत्या, आणि मी कोरडी लाकडं शोधत फिरत होतो. या भागात भर आषाढात कोरडं लाकूड मिळवणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. कुणाच्या गोठ्याच्या माळ्यावरून चार, कुणाच्या पडवीतून दोन, वर ताडपत्री, ताडपत्रीवर परत पाऊस. त्या धावपळीत तिच्याकडे शेवटचं असं मी पाहिलंच नाही. तिचा हात नक्कीच मोकळा पडला असणार. डोरलं काढलं, जोडवी काढली, ते माझ्या ओंजळीत कुणी आणून ठेवलं ते आठवतं. हात आठवत नाही. मी लाकडं मोजत होतो.

मग काही महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत एका सकाळी चहा पिताना मला तिचा हात आठवेना. चहाचा कप पुढं करणारा हात. कप आठवत होता, त्याच्या कानाचा उडालेला टवकासुद्धा आठवत होता. मनगटावरच्या हिरव्या बांगड्या आठवत होत्या. त्यांच्या वरचं गोंदण म्हटलं की धुकं. घाबरलोच मी. जुन्या मनीऑर्डरचा एक कोरा फॉर्म घेतला, पाठीमागं पेन्सिलनं काढायला बसलो. दोन-तीनदा खोडलं आणि मग एकदम आलं. चार ठिपके, चार दिशांना चार, अगदी मनगटाजवळ. आणि त्यांच्या बरंच वर, रांग सोडून, एकटा पाचवा. चार हिरवट आणि हा काळसर, जरा मोठा. डोळ्यांपुढं इतका स्पष्ट आला की मी फॉर्म उराशी धरून रडलो. सापडलं म्हणून रडलो. आता हरवू द्यायचं नाही म्हणून मी ते हातावर काढून घ्यायचं ठरवलं.

खात्री करून घ्यावी असं मनात आलं होतं. फोटो पाहिले. लग्नातल्या फोटोत कोपरापर्यंत बांगड्या, बाकीच्यांत पदर. कागदपत्रांवरचे फोटो नुसते तोंडाचे. तिची थोरली बहीण शेवंताक्का गुंदलाच असते, तिला फोन करून विचारता आलं असतं. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. काय विचारणार? अक्का, तुमच्या बहिणीच्या हातावर काय होतं हो, मी एकतीस वर्षं तिच्या हातचं जेवलो पण बघितलं नाही? अख्ख्या मुलखाची अक्षरं मी ओळखायचो. पाकिटावरचा पत्ता बघून सांगायचो की नंदिगड्ड्याच्या कुठल्या घरातलं पत्र आहे, रागानं लिहिलंय की काकुळतीनं. देवकीचं मला कधी पत्र आलं नाही, ती घरातच होती. तिच्या अंगावर तेवढं एक अक्षर होतं, आणि ते वाचायला मी दुसऱ्याला विचारायला जाणार. लाज वाटली. त्या लाजेनं पुढचं सगळं केलं.

लेक रेखा बेळगावात असते. तिनं आधी वेड्यात काढलं, मग आषाढात, वर्षश्राद्धाच्या आठवडाभर आधी, सुट्टी घेऊन बरोबर आली. मी कागद दाखवला तर बराच वेळ बघत राहिली. असेच होते ना गं, मी विचारलं. ती म्हणाली, असतील आप्पा, तुम्हालाच ठाऊक. तिच्या आवाजातलं चाचपडणं मला ऐकू आलं होतं. तिलाही नीट माहीत नव्हतं आणि तिलाही लाज वाटत होती. बापलेक एकमेकांच्या भरवशावर त्या दुकानात शिरलो.

टॅटूवाला दाढीवाला, अदबशीर माणूस होता. एवढ्याशा कामाला त्यानं सुयांचं नवं पाकीट फोडून दाखवलं. कागद पाहून म्हणाला, काका, हा वरचा एक चुकून लांब गेलाय बहुतेक, जवळ घेऊ का, छान दिसेल. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "जसं होतं तसंच पाहिजे. आणि तो थोडा काळा करा." त्यानं मान डोलावली. मशीन सुरू झालं. लाल मुंग्यांच्या वारुळावर हात ठेवावा तसं दुखलं, पण ते दुखणं मला हवंसं वाटलं. रेखा खिडकीबाहेर बघत होती.

निघताना त्यानं हाताला पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं आणि कसं सांभाळायचं ते सांगितलं. संध्याकाळी प्लॅस्टिक काढायचं. कोमट पाण्यानं, साध्या साबणानं, बोटांनीच धुवायचं. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. मलम अगदी पातळ. खपली धरेल, ती आपोआप पडू द्यायची. ओढून काढली तर खालचा रंग घेऊन जाईल. खाज सुटेल तेव्हा थोपटायचं. पाण्यात हात बुडवायचा नाही, नदी नाही, तळं नाही, दोन-तीन आठवडे. शेतात काम आहे का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, थोडंफार. चिखल तर मुळीच नको, तो म्हणाला, कच्च्या जागेत शिरला तर रंग धरणार नाही आणि जखम चिघळेल ती वेगळीच.

आषाढात जोयड्यात राहणाऱ्या माणसाला पाण्यात हात घालू नको म्हणून सांगायचं. घराच्या भिंतीला हात लावला तरी ओला होतो. गाद्या ओल्या, काडेपेटी ओली, चुलीवरच्या दोरीला टांगलेले कपडे चार दिवसांनीही वाळत नाहीत, नुसते धुराचा वास घेऊन खाली येतात. त्यात मी उजवा हात छातीशी धरून फिरत होतो. अंघोळ एका हातानं. दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत, न्हाणीच्या दाराबाहेर काढलेला. जेवण चमच्यानं. अंगणात पाय ठेवला की जळवा चढतात, त्यांचं आयुष्यात कधी काही वाटलं नव्हतं, पण आता एखादी हातापर्यंत पोचेल म्हणून मी पायांना चुना-तंबाखू फासून घरातल्या घरात बसलो. शेजारची म्हातारी हळद घेऊन आली. हळद नको म्हटलं तर रुसून गेली. हळद लावली नाही ते कसलं गोंदण, असं अंगणातून ऐकवत गेली.

सकाळी आणि संध्याकाळी मलम. कणभर घ्यायचं, डाव्या हाताच्या बोटानं गोल फिरवायचं, चिकट राहिलं तर कापसानं टिपायचं. हे मला नव्यानं शिकावं लागलं नाही. बेळगावच्या दवाखान्यात चार महिने हेच करत होतो. देवकीला सलाईनमधून औषध द्यायचे. ते इतकं जळजळीत होतं की शिरा काळ्या पडायच्या, सुई काढली की जागा सुजून दगडासारखी व्हायची. नर्सनं एक ट्यूब दिली होती. देवकी हात चादरीवर उताणा टाकायची, हनुवटीनं खुणावायची, आणि मी लावायचो. हळू, गोल गोल. वॉर्डात दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. ती पंख्याकडे बघत असायची आणि मी तिच्या हाताकडे.

खरं सांगायचं तर टॅटूचे ते पहिले सहा दिवस बरे गेले. ती गेल्यापासूनच्या वर्षात तेवढेच. सकाळी उठायला कारण होतं. पाणी कोमट करायचं होतं, हात बघायचा होता. चौथ्या दिवशी बारीक काळे कण टॉवेलवर आले तेव्हा मी लगेच रेखाला फोन लावला. तिनं टॅटूवाल्याला विचारून सांगितलं की हे असंच असतं, वरची कातडी जाते, खालचं राहतं. वरचा काळा ठिपका सगळ्यांत जास्त सुजला होता, त्यावर खपली जाड धरली होती. मी त्याचीच काळजी जास्त करायचो. चौघांना एकमेकांची सोबत आहे, हा एकटाच पडलाय, असलं काहीतरी मनात यायचं. हसू येतं आता. नाही, हसू येत नाही.

सातव्या दिवशी वर्षश्राद्धाला शेवंताक्का आली. दोन बस बदलून, पिशवीत सुपारी आणि केळीची पानं घेऊन. अक्का बोलायला फटकळ, पण माझ्याशी अदबीनं वागते, मला पाव्हणं म्हणते. भटजी गेले, पंगत उठली, आणि पडवीत पान लावताना तिची नजर माझ्या हातावर गेली.

"पाव्हणं, ह्ये काय करून घेतलासा?"

मी सांगितलं. वर्षभर साठवलेलं एका दमात सांगितलं. तिच्याजवळ हात नेऊन दाखवला, अभिमानानंच. अक्कानं पिशवीतून चष्मा काढला, माझा हात मांडीवर घेतला. चार ठिपक्यांवरून बोट न लावता बोट फिरवलं. डोळे भरून आले तिचे.

"आनी ह्यो वरचा कसला?"

तो तसाच होता म्हटलं, रांग सोडून. तिनं मान हलवली. मग पान खाली ठेवलं आणि आपल्या उजव्या हातातल्या बांगड्या मागं सारल्या. सुरकुत्यांच्या जाळ्यात चार हिरवे ठिपके, चार दिशांना चार. वर काही नाही.

"आमा दोघीला एकाच बाईनं गोंदलं. एकाच उंबऱ्यात, एकाच दिवशी. चारच हायत, बघा."

मी वाद घातला. मला लाज वाटते सांगायला, पण घातला. देवकीच्या वर्षश्राद्धाला तिच्या सख्ख्या बहिणीला सांगितलं की तुम्हाला माहीत नाही, मी रोज बघत होतो, चार महिने रोज बघत होतो, मलम लावताना. बोलता बोलता थांबलो. माझंच वाक्य मला ऐकू आलं.

पागोळ्या पडत होत्या. अक्कानं माझा हात सोडला नाही, उलट घट्ट धरला, आणि म्हणाली, "ती सुईची जागा पाव्हणं. म्या दवाखान्यात आल्ते तवा दावली हुती तिनं मला. काळी पडल्याली."

तर असं झालं. एकतीस वर्षं तिनं त्या हातानं मला वाढलं, पाणी दिलं, पोराबाळांना न्हाऊ घातलं, खाचरात रोपं लावली, त्यातलं मी काही पाहिलं नाही. पाहिलं ते आजारपणात. तिचा हात म्हणून जो माझ्या डोळ्यांपुढं आला होता तो दवाखान्यातल्या चादरीवरचा हात होता, आणि तिचं गोंदण म्हणून मी जे जिवापाड जपत होतो त्यात सलाईनच्या सुईचा डाग होता. त्यावर मी पातळ मलम लावत होतो. तो फिका पडू नये म्हणून मी हळद नाकारली होती.

आता पैऱ्याचं सांगायला हवं. आमच्याकडे लावणीला मजूर सांगत नाहीत, पैरा करतात. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. देवकी गेली त्या आषाढात मी सुतकाच्या दिवसांत अडकलो होतो, आणि शेजारच्या तीन घरांतल्या बायकांनी येऊन आमचं खाचर लावून टाकलं होतं. मी विचारलंही नव्हतं. दरवर्षी पैऱ्याला आमच्या घरातून देवकी जायची. आता घरात मीच होतो, म्हणजे मीच जायचं. हात बघून त्या बायकांनी आपणहून सांगितलं होतं की मामा, हात बरा होऊ दे, घाई न्हाई. मीही श्रावण लागेपर्यंत मुदत मागून ठेवली होती.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या सकाळी अक्काला बसमध्ये बसवलं आणि परत येताना वाटेत पहिल्याच घराच्या खाचरात उतरलो. मलम लावलं नव्हतं. पिशवी बांधली नव्हती. सदऱ्याची उजवी बाही तेवढी अर्ध्या हातापर्यंत खाली ओढून घेतली, वरचा ठिपका झाकला जाईल इतकी. तो माझ्यानं बघवत नव्हता.

बायकांच्या रांगेत टपालमामा आलेला बघून त्यांची करमणूक झाली. माझी रोपं तिरकी जात होती, दोन ओळींमधलं अंतर चुकत होतं, रांग पुढं जायची आणि मी मागं राहायचो. शेजारची एक म्हणाली की देवकाक्काची ओळ दोरी धरल्यागत असायची. ते मला माहीत नव्हतं. दर रोपाला हात चिखलात जायचा, मनगट बुडायचं, चारही ठिपके बुडायचे. पहिल्यांदा झोंबलं. मग काही वाटेना. दुपारपर्यंत खपल्या भिजून फुगल्या आणि पुसल्यासारख्या गेल्या, कधी ते कळलं नाही. मी थांबलो नाही. त्या दिवशी मला कशाचीच काळजी घ्यायची नव्हती. तीन दिवस, तीन घरं. पैरा फिटला.

हात चिघळला. पू झाला, ताप आला, रामनगरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि वयाचा उल्लेख करून चार शब्द सुनावले. रेखा येऊन आठवडाभर राहिली. फोनवर मी तिला काही सांगितलं नव्हतं, ती आल्यावर सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. फुंकणी घेऊन जळत्या लाकडावर फुंकत राहिली, खूप वेळ. मग म्हणाली, मलाही पाचच आठवतात आप्पा.

महिन्याभरानं हात बरा झाला तेव्हा खालचे चार ठिपके म्हणजे चार राखट डाग राहिले होते. एक तर उन्हात धरला तरच दिसतो. वरचा, बाहीखाली कोरडा राहिलेला, खपली आपोआप गळून अगदी सुरेख बसला होता. काळा, गोल, कडा स्वच्छ. दिवाळीत बेळगावला गेलो तेव्हा टॅटूवाल्यानं हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, काका, हे चार गेले, पण हा बघा, हा नीट सांभाळला म्हणून कसा बसलाय. चार परत भरून देतो म्हणाला. वरचा सुईनं घालवता येत नाही, फार तर त्यावर एखादं पान-फूल काढून झाकता येईल. मी म्हटलं, बघू.

चार परत भरायचे तर या वेळी अंदाजानं नको, हे मी ठरवलं होतं. अक्काचा हात आहे. त्यावर पातळ कागद ठेवून ठिपके उतरवून घ्यायचे. लाजेला आता काही उरलं नव्हतं. म्हणून या आषाढात मी आमची लावणी उरकून गुंदला गेलो. अक्काच्या घरचीही लावणी चालली होती, दोन दिवस मी तिथं राबलो. माझी ओळ आता थोडी सरळ जाते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत, पाटाच्या पाण्यात हातपाय धुऊन आम्ही ओट्यावर बसलो, आणि मी कागद काढला. तिनं हात पुढं केला. मी चार ठिपके उतरवले. जिवाला जरा गार वाटलं.

अक्का कागदाकडे बघत होती. म्हणाली, "तिचं अगदी असंच नव्हतं, पाव्हणं."

मी पेन्सिल ठेवली. ती आठवून सांगू लागली. आधी अक्काला गोंदलं, मग देवकीला धरून बसवलं. देवकी लहान, रडत होती. गोंदणारणीनं हात पायाखाली दाबून धरला होता तरी एका ठिपक्याला तिनं हिसका दिला. सुई ओढली गेली आणि तो ठिपका लांबट झाला, भाताच्या दाण्याएवढा. आई रागावली, गोंदणारीण हसली. पुढं कितीतरी वर्षं देवकीला त्यावरून चिडवायचे.

हात मागं ओढून दाखवायची ती, दरवेळी. मला वाटायचं, नुसतं दुखलेलं दाखवते.

"कुठला ठिपका, अक्का?" मी विचारलं. "वरचा का खालचा? अंगठ्याकडचा?"

अक्कानं डोळे मिटले. आपल्याच हातावर बोट ठेवलं, एका ठिपक्यावर, मग दुसऱ्यावर. परत पहिल्यावर. तिचे ओठ हलत होते. मग तिनं डोळे उघडले आणि बांगड्या खाली ओढून घेतल्या.

"न्हाई ओ," ती म्हणाली. "मला बी आठवत न्हाई."

आई-वडील केव्हाच गेले. भाऊ नाही. ती गोंदणारीण कुठल्या गावची हे तेव्हाही कुणाला ठाऊक नव्हतं. चारांतला एक ठिपका लांबट होता एवढं आता मला कळलंय, आणि कुठला ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. कागद मी घडी करून खिशात ठेवला. परत येताना बसमध्ये तो भिजला, मी वाळवायला घातला नाही.

आज सकाळी पुन्हा खाज सुटली. बाहेर शेजारच्यांची चिखलणी चालली आहे, बैलांच्या मागं औत धरणाऱ्याचा आवाज येतोय. मी कोनाड्यातली टॅटूच्या वेळची ट्यूब काढली, तळाशी थोडं मलम उरलं होतं. लावायची आता काही गरज नाही, जखम कधीच भरली आहे, दाबलं तरी दुखत नाही. तरी बोटावर कणभर घेतलं आणि पाचव्या ठिपक्यावर गोल फिरवलं, हळू, तिला लावायचो तसं. त्याची जागा बरोबर आहे. रंग बरोबर आहे. एवढासाही इकडं तिकडं झालेला नाही. देवकीचं माझ्या हातावर जे काही बिनचूक उतरलंय, ते तेवढंच.